साबणाच्या वासाचा समुद्र

"बोट! बोट! बोट!" भोपूने पलंगावर उड्या मारत जाहीर केलं.

"शेजाऱ्यांनाही कळलं," मॉनिटर म्हणाली. "आता खाली उतर, नाहीतर पलंगच बुडेल!"

भोपू हा मॉनिटरचा धाकटा भाऊ. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून तो भोपू. मॉनिटर सातवीत होती, वर्गात मॉनिटर होती आणि घरी आल्यावरही ते विसरत नसे. तिसरी चिमणी, त्यांच्या आत्याची मुलगी. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. सुट्टी लागली की ती मामाकडे येई आणि मग तिघं मिळून घर डोक्यावर घेत.

यंदा मात्र घर डोक्यावर घेण्यात कुणालाच गोडी वाटत नव्हती, कारण घरात आजी नव्हती. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून ती जवळच्या वृद्धनिवासात राहायला गेली होती. त्यात आता डोळे. परवाच डॉक्टर बाबांना हळूच म्हणाले होते, "औषधाचा आता उपयोग नाही. त्यांना जे दाखवायचं असेल ते या सुट्टीत दाखवून घ्या." आपण हळू बोललो की मुलांना ऐकू येत नाही, अशी मोठ्या माणसांची एक भाबडी समजूत असते.

म्हणून बेत ठरला होता. आजीला शहर दाखवायचं! मोठी बाग, संग्रहालय, मनोऱ्यावरची दुर्बीण आणि सगळ्यांत आधी बोट. आजीची सगळी नोकरी बंदरातल्या फेरीबोटीवर गेली होती, खालच्या दारात उभं राहून तिकिटं तपासण्यात. वरच्या मजल्यावर वारा खात बसायला बाकं होती. तिथे ती एकदाही बसली नव्हती. "रिटायर झाले की बसेन निवांत," असं म्हणायची. ती रिटायर झाली आणि गुडघे म्हणाले, आता आम्हीही रिटायर!

पण वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकाबाईंनी बेतावर पहिल्याच वाक्यात पाणी ओतलं.

"मुलांबरोबर आजींना पाठवायचं? छे छे! मोठं माणूस हवं."

"आई-बाबा कामावर असतात," मॉनिटर म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. आणि तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्याकडे दर बुधवारी सहल असते. मागच्या बुधवारी तर सगळ्यांना बोटीतून फिरवून आणलं!"

भोपूचं तोंड उतरलं. आपल्या आधीच कुणीतरी आजीला बोटीत बसवलं होतं!

आजी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिघांच्या पावलांवरूनच तिने त्यांना ओळखलं.

"आजी, बोट कशी होती ग?" भोपूने विचारलं.

"अं? बरी होती की. पाणीच पाणी. फेसच फेस." आजीने नाक मुरडलं. "फक्त त्या समुद्राला साबणाचा वास येत होता."

"साबणाचा?" मॉनिटर हसली. "आजी, काहीही हं तुझं!"

चिमणी हसली नाही. ती आजीच्या वॉकरकडे बघत होती. त्याच्या पायांची रबरी बुचं दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "आजी सहलीला जाते, पण तिचा वॉकर जात नाही."

"म्हणजे?"

"आणि ती बस बघा."

रस्ता खणून ठेवल्यामुळे गल्लीतली झाडंसुद्धा धुळीने पांढरी झाली होती. अंगणात उभी असलेली सहलीची बस मात्र आरशासारखी चकचकत होती.

"काहीतरी पाणी मुरतंय!" भोपू ओरडला आणि मॉनिटरने त्याच्या तोंडावर हात दाबला.

पुढच्या बुधवारी तिघं सायकली घेऊन कोपऱ्यावर टपून बसले. सहलप्रमुख हातात माईक घेऊन बसच्या दारात उभे होते. "चला, चला! आज पुन्हा सागरसफर! खास लोकाग्रहास्तव!"

बस निघाली. रस्त्यावर एवढी गर्दी होती की चिमणी एकदा चुकून बसच्या पुढे गेली आणि लाजून मागे आली. बंदराचा रस्ता डावीकडे होता. बस उजवीकडे वळली!

"अरेच्चा! समुद्र हलवला की काय?" भोपू म्हणाला.

बस गेली ती थेट डेपोच्या मागच्या बाजूला, एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे बस धुण्याचं यंत्र होतं. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच गोल ब्रश गरगरा फिरायला लागले, वरून फवारे सुटले आणि काचांवर फेसाचे लोट आले. बस हलत डुलत पुढे सरकू लागली. ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला आणि आतून माईकवरचा आवाज आला, "मंडळी, आपण आता भर समुद्रात आलो आहोत! उजवीकडे पाहा, केवढी ही लाट! खिडक्या घट्ट लावून घ्या बरं!"

तिघांची तोंडं उघडीच राहिली.

"बस धुतायत!" भोपू कसाबसा म्हणाला. "आजीला आत बसवून बस धुतायत!"

यंत्रावरचा माणूस पाठ करून फोनवर गप्पा मारत होता. त्याच्या शेजारी खांबावर एक मोठं लाल बटण होतं आणि त्यावर 'थांबवा' असं लिहिलेलं होतं. मॉनिटर बेत आखायला लागली, तोवर चिमणी सायकल टाकून गेली आणि तिने ते दाबलंसुद्धा!

ब्रश थांबले, फवारे थांबले. शेडमध्ये शांतता पसरली आणि त्या शांततेत माईकवरचा आवाज तेवढा चालू राहिला, "...आणि त्या पाहा, लांबवर होड्या!"

"कुठेयत होड्या?" भोपूने अशी आरोळी ठोकली की पत्रे थरथरले.

दार उघडून सहलप्रमुख धावत उतरले, फेसावरून घसरले आणि बुडावर आपटले. "कोण रे तुम्ही?"

"तुमच्या बोटीचे फुकटे प्रवासी!" भोपू म्हणाला.

"लाज नाही वाटत?" मॉनिटर रागाने लाल झाली होती. "दर बुधवारी हेच?"

"हे बघा बाळांनो," सहलप्रमुख सदरा झटकत म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना उतरवायचं, चढवायचं, खुर्च्या, काठ्या... बंदरावर पोचेपर्यंत परत फिरायची वेळ होते. बस तर धुवायचीच असते. एका कामात दोन कामं! आणि तसंही यांना दिसतंय कुठे?"

त्यांच्या हातातला माईक चालूच होता. ते शेवटचं वाक्य बसमधल्या प्रत्येकाच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून ऐकू आलं.

भोपू धडाधडा बसमध्ये चढला. "आजी! आजी, ही बोट नाही! तुम्हा सगळ्यांना फसवलंय!"

कुणी चकित झालं नाही. एक आजी पदराशी चाळा करत राहिल्या. एक आजोबा बाहेर बघायला लागले.

"माहितीये रे, भोप्या," आजी म्हणाली. "बोटीवर जन्म गेला माझा. मला बोट कळत नाही होय?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की सहल बंद. आठवड्यातून एकदा खोलीबाहेर पडायला मिळतं, रस्त्याचे आवाज ऐकू येतात. तेवढंही गेलं असतं. आणि मास्तरांचं काय?"

मागच्या सीटवर एक म्हातारे मास्तर डोक्यावर टोपी घालून बसले होते. त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसे, पण बुधवार आठवे. ओल्या काचेवर तळहात टेकवून ते विचारत होते, "लाटा का थांबल्या हो? मला कुणी सांगेल का?"

भोपू त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"मग आम्हाला साबणाचं का सांगितलंस?" चिमणीने हळूच विचारलं.

आजीने तिचा हात चाचपून हातात घेतला. "तुमच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना ग बाई."

त्यानंतर सगळं कसं रीतसर झालं. सहलप्रमुखांची हकालपट्टी झाली. वृद्धनिवासाच्या मोठ्या खोलीत तिघांचा सत्कार झाला. "या बहाद्दर मुलांनी आमचे डोळे उघडले!" व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या आणि जोरदार टाळ्या पडल्या. या बाई आजवर एकाही सहलीला गेल्या नव्हत्या, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही. मग त्या पुढे म्हणाल्या, "आता कसलाही धोका नको. नवी व्यवस्था होईपर्यंत सगळ्या सहली बंद!"

टाळ्या तिथेच विरल्या. आजीने डोकं हलवलं, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं.

बुधवार येत होते आणि जात होते. बस अंगणात उभी राहून धुळीने पांढरी झाली. मास्तर टोपी घालून फाटकापाशी बसत आणि जेवणाची वेळ झाली की कुणीतरी त्यांना आत घेऊन जाई. तिघं रोज व्यवस्थापिकाबाईंच्या टेबलापुढे उभे राहत आणि रोज एकच उत्तर घेऊन परतत. घरी बाबा म्हणत, "येत्या रविवारी नक्की," आणि रविवारी त्यांना हटकून काम निघे. तिकडे आजी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागली होती.

अखेर सुट्टी संपता संपता बाबांनी रजा टाकली. व्यवस्थापिकाबाईंनीही "एकदाच हं" म्हणून बस दिली आणि मास्तरांनाही बरोबर पाठवलं. या खेपेला बस डावीकडे वळली! पण भोपूने "होय!" असं ओरडून आजीकडे पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आजी खिडकीकडे बघतच नव्हती. तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. फार उशीर झाला होता.

बोटीवर पाऊल ठेवताच तिने खोल श्वास घेतला. "तेल, दोरखंड, कुजके मासे," ती म्हणाली. "हा माझा समुद्र!"

"चल, आता वर!" भोपू म्हणाला.

जिन्यापाशी बोटीचा माणूस आडवा आला. "आजींना वर नाही नेता येणार. जिना अरुंद आहे, तोल गेला तर?"

"आम्ही धरू ना!" मॉनिटर म्हणाली. "दोघं पुढून, दोघं मागून!"

"नाही म्हणजे नाही. वरून सक्त ताकीद आहे."

"जाऊ दे, आई," बाबा म्हणाले. "वर काय न् खाली काय, पाणी तेच."

पाणी तेच नव्हतं आणि हे बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आजी खालच्या दारात जाऊन उभी राहिली, जिथे ती जन्मभर उभी होती तिथेच. मास्तर टोपी सावरत कुरकुरले, "हा कसला समुद्र? फेस नाही, काही नाही. बुधवारचा बरा होता!"

भोपूचे डोळे भरून आले होते. आजीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "तू जा वर. आणि काय काय दिसतंय ते मला ओरडून सांग. आज तुला कुणी गप्प बस म्हणणार नाही."

भोपू पायऱ्या ओलांडत वर गेला. बोट सुटली. इंजिन एवढं धडधडायला लागलं की खालच्या दारात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वरून भोपू जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण मॉनिटर आणि चिमणीपर्यंत त्यातला एकच शब्द पोचत होता, "आजी!" मग नुसतं काहीतरी अस्पष्ट, आणि पुन्हा "आजी!"

आजी मान वर करून उभी होती आणि प्रत्येक हाकेला मान डोलावत होती.

पलीकडचा धक्का जवळ आला तेव्हा भोपू खाली आला. त्याचा घसा पार बसला होता. "आजी," तो कुजबुजला, "सगळं ऐकू आलं?"

"शब्दन् शब्द," आजी म्हणाली. "शाबास रे माझ्या भोप्या! डोळ्यांनी बघितलं असतं तरी एवढं दिसलं नसतं."

"मनोरासुद्धा कळला?"

"कळला की. केवढा उंच!"

भोपू हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मॉनिटरने काही बोलायला तोंड उघडलं, तर चिमणीने तिचा हात घट्ट दाबला. मग दोघीही म्हणाल्या की हो, खाली अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.