ग्लोगोवोच्या पुलावर

रेडिओच्या खोलीच्या दाराची मूठ निखळली होती, ती बसवायला मी गेलो होतो. काम एवढंच. एक मूठ, चार स्क्रू. माझं लोखंडी सामानाचं दुकान नगरपालिकेच्या समोरच, त्यामुळे तिथला खिळा हलला तरी निरोप मला येतो. आदल्या आठवड्यात ती मूठ हातात आली आणि निवेदिका त्सोन्का तासभर आत अडकली. बिचारीने त्याच बातम्या तीनदा वाचल्या. गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या बातम्या तशाच असतात.

आमचा रेडिओ तारेवरचा. स्वयंपाकघरात भिंतीवर एक खोकं, त्याला एकच बटण, आणि ते कुणी बंद करत नाही. दर गुरुवारी सकाळी अकराला त्यावर ‘नगराध्यक्षांना विचारा’ लागतं. लोक फोन करतात, ल्यूदमिल काराजोव्ह उत्तरं देतात. या माणसाला ‘नाही’ म्हणताच येत नाही. पाणी? देऊ. रस्ता? करू. एका म्हातारीने एकदा कोंबडा हरवल्याची तक्रार केली, तर म्हणाले, “आजी, मी जातीने लक्ष घालतो!” आम्ही पोट धरून हसलो. हसत हसत त्याला तीनदा निवडूनही दिलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ग्लोगोवो हे आमच्या वरचं खेडं, नदीच्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात त्याचा पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर टेलिफोनचे खांबही गेले. त्या घळीत मोबाइल लागत नाही. वर पाच म्हातारी माणसं उरली, त्यातली एक माझी थोरली बहीण गेर्गिना. सत्त्याहत्तर वर्षांची, छातीने अधू. उन्हाळ्यात पाणी मांडीपर्यंत असतं, तेव्हा मी औषधं, पीठ, मीठ पाठीवर टाकून पोचवतो. नोव्हेंबर लागला की नदी फुगते आणि पुढचे चार महिने मी इकडच्या काठावर नुसता उभा. “खाली चल, ताई,” म्हणून किती विनवलं. ती म्हणायची, “मी का येऊ? पूल त्यांनी बांधायचाय. बांधला की येते.”

कागदावर मात्र पूल केव्हाच बांधून झाला होता! फीत कापतानाचा फोटोसुद्धा होता, दुसऱ्याच कुठल्या पुलावरचा. मग राजधानी सोफियाहून चौकशी समिती येणार असं कळलं. गावकऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकवा, असं तिचं पत्र होतं. काराजोव्ह स्वतः माझ्या दुकानात आले.

“स्तामेनकाका, वरच्या गावची तीन नावं द्या. जुनी, अस्सल.”

“कशाला?”

“रेडिओवर पुलाबद्दल दोन चांगले शब्द हवेत. बोलेल आमचीच बाई. समितीची ब्याद टळली की वसंतात खराखुरा पूल उभा करतो. तुमच्या बहिणीसाठीच चाललंय ना सगळं?”

मी दिली नावं. तिन्ही आमच्या काठच्या कबरस्तानातली. जिवंत माणसाचं नाव खोट्यात ओढण्यापेक्षा मेलेल्याचं बरं, असा माझा शहाणपणा. शिवाय ती तिघं अजून मतदार यादीत होतीच, आणि दर निवडणुकीला वेळेवर मतदान करत होती. कुणाला, ते विचारू नका.

तर तो गुरुवार, नदी फुगलेली. अकरा वाजले तरी खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की खोलीत दिवे लावावे लागले होते. मी दाराशी उकिडवा बसून स्क्रू पिळत होतो. काराजोव्ह माइकपुढे, त्सोन्का यंत्रापाशी. बाजूच्या खोलीत जन्ममृत्यू नोंदणीतली बिस्त्रा फोन घेऊन बसलेली, दार उघडंच.

“मी ग्लोगोवोची वेलिका बोलतेय, बाळा,” बिस्त्राने आवाज थरथरवला. “काय सुंदर पूल बांधलास रे! रोज दोनदा जाऊन येते.”

“आजी, तुमचे आशीर्वाद!” काराजोव्ह गहिवरले.

बिस्त्राने फोन ठेवला आणि कॉफीचा पेला घेऊन माझ्याजवळ आली. “कशी झाले मी म्हातारी?” ती कुजबुजली.

“नवऱ्याला विचार,” मी म्हटलं. तिने मला कोपर मारलं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की ग्लोगोवोत टेलिफोनच नाही. एवढा मोठा कट शिजवला, आणि हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

त्सोन्कापुढचा लाल दिवा लागला. बिस्त्रा माझ्या शेजारी उभी होती. पेला दोन्ही हातांत.

“बोला, तुमचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जातोय,” त्सोन्का म्हणाली.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. दगडांवरून घसटत जाणारं. मग आवाज.

“मी वेलिका. ग्लोगोवोची.”

काराजोव्ह हसले. त्यांना वाटलं, बिस्त्रानेच पुन्हा लावला. “आजी, परत? एवढा आवडला पूल?”

“मघाशी माझ्या नावाने कोण बोललं?... मी नव्हते.”

काराजोव्हांनी काचेतून बाजूच्या खोलीत पाहिलं. खुर्ची रिकामी. मग त्यांना माझ्याजवळची बिस्त्रा दिसली. तिच्या हातातली कॉफी फरशीवर सांडत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

“कुठल्या पुलावरून गेले रे मी?” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मला चौघांनी नदीतून नेलं. मागचा डावा घसरला... पेटीत पाणी शिरलं. तशीच पुरली मला. अजून ओली आहे मी, ल्यूदमिल.”

मागचा डावा खांदा माझा होता.

खोलीत वास पसरला. पूर ओसरल्यावर तळघरात येतो तसा, चिखलाचा, कुजलेल्या पानांचा. काराजोव्हांनी हाताने ‘बंद कर’ अशी खूण केली. त्सोन्काने बटण दाबलं. मग तार उपटली. ती तार तिच्या मुठीत लोंबत होती आणि आवाज येतच होता.

“नाव ज्याने दिलं तोही तिथेच आहे. त्याचं नंतर पाहू... तू म्हणतोस पूल आहे. मग ये की. चालून दाखव.”

आणि इथे त्या माणसाची सवय त्याला नडली. माइकपुढे इतकी वर्षं जी जीभ वळली ती तशीच वळली.

“अवश्य, आजी! मी आजच्या आज जातीने येतो.”

“आज?”

“आजच.”

“बरं... आम्ही सगळे मध्यावर उभे राहतो.”

दिवा विझला. समोरच्या माझ्या दुकानातल्या खोक्यातून मात्र पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, असं गिऱ्हाइकांनी नंतर सांगितलं.

काराजोव्ह भानावर आले ते शिव्या देतच. “विरोधकांचा खेळ आहे हा! त्सोन्का, उद्यापासून तू घरी. आणि तुम्ही, काका, तोंड मिटून बसा. पूल विसरा!”

“विसरा?” मी उठलो. हातात स्क्रूड्रायव्हर होता, आणि खरं सांगतो, तो मी घट्ट धरला होता. “माझी बहीण वर मरतेय, आणि मी विसरू?”

“मग खाली आणा की तिला!” एवढं बोलून ते निघाले. त्या बदमाशांना घळीतच पकडतो म्हणत स्वतः गाडी घेऊन गेले.

गाडी सापडली. नदीकाठी, इंजिन चालू, दार उघडं. माणूस सापडला नाही. पोलिसांनी खाली धरणापर्यंत पाणी चाळलं.

त्याच दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या दुकानाचं दार ढकलून गेर्गिना आत आली. काळा रुमाल, हातात गाठोडं. दोन वर्षांनी गावात. मी तिचे बूट पाहिले. कोरडे ठणठणीत.

“ताई! तू आलीस कशी?”

“कशी म्हणजे? पुलावरून.” ती स्टुलावर टेकली. “बांधला की येते म्हटलं होतं ना? केवढी गर्दी आहे तिथे! तुमचा नगराध्यक्ष मध्यावर उभा. एकेकाचा हात हातात घेतोय, निवडणुकीत घेतो तसा. मला म्हणाला, ‘आजी, सगळं ठीक ना?’” तिने तळहात झग्याला पुसला. “हात सोडतच नव्हता मेला.”

तेव्हापासून ती माझ्याकडेच असते. जेवते, रकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, घोट घेते, माझ्या बायकोच्या सुपाला नावं ठेवते. छातीचं दुखणं पार गेलंय. डॉक्टरला दाखवू म्हटलं की म्हणते, आता कशाला? मी तिला नीट निरखून पाहायचं टाळतो. एकदा वर जाऊन तिचं घर बघून यावं असं रोज वाटतं. पण जाऊ कुठून? नवे नगराध्यक्ष गुरुवारी म्हणाले, पुलाची फाइल पूर्ण आहे, आणखी पूल कशाला हवा?

परवा दुपारी धुकं थोडं उठलं, तेव्हा मी काठावर जाऊन उभा राहिलो. ताई घरी माझ्या बायकोशेजारी बसून शेंगा सोलत होती.

वर, ग्लोगोवोत, तिच्या धुराड्यातून धूर निघत होता.