निरोपाच्या चिठ्ठीचा नियम

पर्णिकाला पडलेलं कोडं असं होतं: ज्या इमारतीत काहीही हरवत नाही, तिथून आईचा आवाज गेला कुठे?

तिथे काहीही हरवत नाही, हे तिला आजोबांनीच सांगितलं होतं. तिलाच कशाला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते हे ऐकवत. आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, श्रीधर खानोलकर, संगणकशास्त्रज्ञ होते. सुरुबंदरच्या टेकडीवरचं अभिलेखागार (सरकारी नोंदी जपून ठेवण्याची जागा) त्यांच्याच देखरेखीखाली उभं राहिलं होतं. पूर्वी कागदांच्या गठ्ठ्यांनी खोल्याच्या खोल्या भरत. आता सगळं काचेच्या पातळ चकत्यांवर कोरलेलं असे, आणि अख्ख्या जिल्ह्याचं दप्तर एका कपाटात मावून वर जागा उरे. आजोबांना त्या कपाटाचा फार अभिमान.

पर्णिकाची आई, हर्षदा, किनारा संदेश केंद्रात काम करायची. समुद्रात गेलेल्या होड्यांना वादळाची सूचना देणं हे तिचं काम. पर्णिका पाळण्यात होती तेव्हा मोठं वादळ आलं. आई केंद्राच्या मनोऱ्यावरून होड्यांना परत बोलावत राहिली. होड्या परतल्या आणि मनोरा कोसळला. आई गेली, आणि तिचा फोनही समुद्रात गेला. घरात तिचे फोटो होते. लग्नाचं चित्रीकरणही होतं, पण त्यात सनई एवढी मोठी की आई काय बोलते ते काही केल्या कळत नसे. तरी पर्णिका कान देऊन ते पुन्हापुन्हा ऐकायची. मैत्रिणींच्या आया त्यांना जेवायला हाका मारत, तेव्हा तिला वाटायचं, आपल्या आईची हाक कशी असेल?

केंद्रातून बोललेला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होऊन अभिलेखागारात जात असे, हे तिला ठाऊक होतं. अकराव्या वाढदिवसाला तिने आजोबांकडे तो आवाज मागितला. आजोबांना स्वतःला इतक्या वर्षांत तो ऐकायचा धीर झाला नव्हता. आपली लेक त्या कपाटात सुखरूप आहे, एवढ्यावरच त्यांनी दिवस काढले होते. पण नातीला ते नाही म्हणू शकले नाहीत.

अभिलेखागारात दप्तरी नावाचा यंत्रमानव होता. जुन्या कचेऱ्यांत गठ्ठे सांभाळणाऱ्या माणसाला दप्तरी म्हणत, तेच नाव त्याला दिलेलं. आजोबांनी वादळाची तारीख सांगितली. दप्तरीने क्षणभर शोधलं आणि शांतपणे सांगितलं, "हा अभिलेख नष्ट केलेला आहे."

आजोबांना वाटलं, यंत्र चुकलं. त्यांनी पुन्हा शोधायला लावलं, मग रागावून तिसऱ्यांदा. उत्तर तेच आलं. वर्ग ड, एका वर्षानंतर नियमाप्रमाणे नष्ट.

ड म्हणजे काय, असं पर्णिकाने विचारलं. आजोबांनी खोल गेलेल्या आवाजात समजावलं. कचेरीतलं सगळंच ठेवून चालत नाही, ढिगात हवं ते सापडत नाही. म्हणून प्रत्येक कागदाचा वर्ग ठरवतात. अ म्हणजे कायम ठेवायचं. ब बरीच वर्षं, क थोडी वर्षं. ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचं, जसं चहाचं बिल किंवा रजेचा साधा अर्ज.

"आईचा आवाज चहाच्या बिलासारखा?" पर्णिका म्हणाली.

तेव्हा नियम कुठून आला ते दप्तरीने सांगितलं. फार पूर्वी संदेश केंद्रात आलेला-गेलेला निरोप आधी चिठ्ठीवर लिहीत आणि मग मोठ्या वहीत उतरवून घेत. वहीत सगळं आलं की चिठ्ठीचं काम संपलं. म्हणून वही अ वर्गात आणि चिठ्ठी ड वर्गात. पुढे चिठ्ठ्या बंद झाल्या, त्यांच्या जागी ध्वनिमुद्रण आलं. नवी यंत्रणा बसवताना जुने नियम जसेच्या तसे तिच्यात भरले गेले. नियमाच्या दृष्टीने आवाज म्हणजे नवी चिठ्ठीच. पण चिठ्ठीतलं सगळं वहीत उतरत असे. आवाज वहीत कसा उतरणार?

"यंत्र बिघडलं होतं का, आजोबा?"

"नाही बाळा. बिघडलं असतं तर तिचा आवाज वाचला असता."

आजोबा तिथेच फरशीवर बसले. यंत्रणा त्यांनी उत्तम केली होती. काय ठेवायचं हे ठरवणं त्यांना कारकुनी काम वाटलं होतं, आणि कारकुनांना वाटलं होतं की नवं यंत्र आलंय म्हणजे सगळं तेच बघेल. दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही. पर्णिकाला त्यांनी हे सगळं न लपवता सांगितलं. कसं साठवायचं हे माहिती तंत्रज्ञानाचं काम. काय ठेवायचं, किती काळ आणि कशासाठी, हे अभिलेख व्यवस्थापनाचं काम. डबा कितीही घट्ट झाकणाचा असला, तरी त्यात काय भरायचं हे डबा ठरवत नाही.

दप्तरीने आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगणं त्याच्या नियमात होतं. अभिलेख नष्ट केल्याची नोंद मात्र अ वर्गात असते. ती कायम राहणार होती.

"म्हणजे आईला पुसल्याची नोंद कायम, आणि आई नाही," एवढंच पर्णिका म्हणाली आणि रडायला लागली. आजोबांनी तिला जवळ घेतलं. तेही रडत होते. अशा वेळी काय करायचं याचा नियम दप्तरीकडे नव्हता.

मग डोळे पुसत पर्णिकाने विचारलं, "पण आई बोलली, ते ऐकलं कुणी?"

होड्यांवरच्या माणसांनी. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. ही साधी गोष्ट त्यांच्या मनात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या बोलावण्यावरून खाडीकाठचे जयवंतमामा टेकडी चढून आले. त्या वादळातून परतलेल्या एका होडीचे ते तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, आता पार थकलेले. दप्तरीसमोर बसून ते सांगू लागले.

"वारो इतको, माजाच बोलणा माका आयकाक येय नाय. पण तिचो आवाज येय होतो. 'जयवंतमामा, भिया नकात,' म्हणा होती, 'दिव्याच्या दिशेन येवा. मी हंयच आसंय.'"

(मी हंयच आसंय, म्हणजे मी इथेच आहे.)

आजोबांनी त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या अभिलेख समितीला पत्र दिलं आणि ते मान्य होईपर्यंत कचेरीत खेटे घातले. आता माणसाने स्वतः ऐकल्याशिवाय कुठलाही आवाज नष्ट करता येत नाही. दुसऱ्या कुणाची तरी आई त्यामुळे वाचेल, असं ते म्हणतात. पंगतीत मात्र ते कपाटाविषयी बोलत नाहीत.

जयवंतमामांचं बोलणं ध्वनिमुद्रित झाल्यावर दप्तरीने वर्ग विचारला. पर्णिका म्हणाली, अ. मग तिने आजोबांना विचारलं, "कायम म्हणजे किती?"

"ते चकतीच्या हातात नसतं," आजोबा म्हणाले. "यंत्रं बदलत जातात. दर वेळी जुनं उचलून नव्या यंत्रात न्यावं लागतं, आणि नीट ऐकू येतंय ना, हे कुणीतरी येऊन ऐकावं लागतं."

"मग मी येत जाईन."

दप्तरीने तशी नोंद केली, आणि तपासणीसाठी ध्वनिमुद्रण एकदा लावलं. पर्णिकाने डोळे मिटले. खोलीत एका म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज घुमला. शब्द आईचे होते. संपल्यावर तिने ते पुन्हा लावायला सांगितलं.