आलं ना?

जेवणं आटोपली, दिवे गेले, आणि काकांना आयतेच श्रोते मिळाले.

"माझ्या रेकॉर्डिस्ट मित्राची गोष्ट. खोटी वाटली तर त्यालाच विचारा."

"भुताची ना? मग लवकर आणा त्याला," पुतणी म्हणाली.

"भूत ते. रिक्षाने येत नाही."

मार्चातला दुसरा मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. मित्र स्टुडिओत छोट्याशा कामाला आला होता. सिनेमाचं गाणं सकाळी पाठवायचं होतं. गाणं रॉक अँड रोल, पण मध्येच गिटार थांबायची आणि जुन्या वळणाचं जॅझ सुरू व्हायचं. तिथे एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा होता.

तो वाजवायला महिन्यापूर्वी एक म्हातारबुवा आले होते. त्यांनी वेताची पट्टी जिभेवर भिजवली, वाद्याच्या तोंडाशी बसवली, आणि असं काही फुंकलं की मित्र काचेआड ठेका धरून डोलतच राहिला. रेकॉर्डचं बटण दाबायचं राहून गेलं. लाल दिवा लागलाच नाही.

म्हातारबुवा घामाघूम. "आलं ना? पुन्हा दम नाही पुरायचा."

खरं सांगायला जीभ रेटेना. "आलं, बाबा. एक नंबर!"

त्यांनी पट्टी पुसून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आठवड्याभरात ते गेले. मुलीचा फोन आला. "पट्टी त्यांच्या खिशातच राहू दिली, त्यांच्यासोबत. ते शेवटचं वाजवलेलं आम्हाला ऐकवाल ना?"

"हो," मित्र म्हणाला.

"फोनवरच सांगून टाकायचं की!" पुतणी उसळली. "तुम्हा मोठ्यांना चूक कबूल करायलाही मुहूर्त लागतो का?"

"तेच तर," काका म्हणाले.

त्या रात्री मित्राने रिकाम्या जागी कीबोर्डवरचं नकली क्लॅरिनेट बसवलं. हेडफोन चढवले. गाणं लावलं.

गिटार थांबली.

नकली सूर... आलाच नाही.

कुणीतरी दम घेतला. खोल. घरघरता. काचेपलीकडच्या अंधारात.

"आलं ना?"

मित्र थिजला.

"आलं ना...?"

"नाही, बाबा... बटण दाबलं नव्हतं. मी... खोटं बोललो."



मग लाल दिवा लागला. आपोआप. गाण्यातल्या त्या तुकड्याएवढाच वेळ. विझला.

काका थांबले. आता पुतणीही हळू बोलली. "मग... मुलीला सांगितलं?"

"उजाडताच. तिने फोन ठेवून दिला."

"आणि रेकॉर्डिंग?"

"पडद्यावर नुसती सरळ रेघ. आवाजच नाही." काकांनी घसा खाकरला. "पण दिवा विझल्यावर तो काचेपलीकडे गेला होता. वाजवणाऱ्याच्या स्टुलावर वेताची एक पट्टी होती. त्याने बोट लावून पाहिलं..."

"आणि?"

"ओली होती."