गुलाबी कागदाचा लगदा

"शीऽऽ! मेलं माझं नाक!" झेनो शर्टाने तोंड झाकून पायरीवर बसला.

त्याची बहीण जिनेव्राही दाराकडे सरकली. लोकर-कारागिरांच्या संघाचं सहाशे वर्षांचं जुनं सभागृह, आणि तळघरात ही दुर्गंधी! आई इथे पाहुण्यांना इतिहास सांगायची. दोन महिन्यांत एकही पाहुणा इथे टिकला नव्हता.

नगरपालिकेचे इंजिनीअर फेरूच्ची दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचे कारागीर या हौदांत लघवी साठवून त्यात लोकरीचं कापड तुडवून धुवायचे. ती घाण दगडात मुरलीय! सोमवारी हौद फोडून तळघर बुजवू."

आईचा चेहरा उतरला. हौद गेले तर दाखवायला उरणार काय? नुसत्या भिंती!

"सहाशे वर्षांची घाण?" जिनेव्रा फणकारली. "मग गेल्या उन्हाळ्यात वास काय सुट्टीवर गेला होता?"

तिने नाक दाबून हौदाचं लाकडी झाकण सरकवलं. फेरूच्चींनी ते उघडायचेही कष्ट घेतले नव्हते! आत काळपट पाणी, आणि त्यावर गुलाबी कागदाचा लगदा.

"याऽक! गुलाबी कागद तर ओरेस्तेकाकांच्या हॉटेलातल्या संडासात असतो!" झेनो किंचाळला.

"आई, कारागीर एवढी लघवी आणायचे कुठून?" जिनेव्राने विचारलं.

"शेजारच्या दारूच्या गुत्त्यातून. तिथून थेट हौदापर्यंत दगडी पन्हळ होती."

त्या गुत्त्याच्याच जागी आता ओरेस्तेकाकांचं हॉटेल होतं. आणि वसंतात तिथे नवा संडास बांधला होता!

जिनेव्रा भावाच्या कानात कुजबुजली. झेनो घरातली पुदिन्याच्या हिरव्या सरबताची बाटली घेऊन हॉटेलकडे पळाला.

"साहेब, पाच मिनिटं थांबा. हौदात बघाच!" तिने फेरूच्चींची बाही धरून त्यांना पुढे ओढलं.

गुडगुड... गुडगुड... फस्स! भिंतीतल्या भोकातून हिरवंगार पाणी उसळलं आणि फेरूच्चींच्या बाहीवर उडालं.

"अरे देवा! हे तर आजचं आहे!"

झेनोने संडासात सरबत ओतलेलं पाहून ओरेस्तेकाका त्याच्यामागे धावत आले आणि हौद पाहून चपापले. "प्लंबर म्हणाला, जुनी पन्हळ आयतीच सापडलीय, संडास देऊ का तिला जोडून? मी म्हटलं, दे!"

"आणि मी न बघताच हौद फोडायला निघालो होतो," फेरूच्ची ओशाळले. "हौद राहतील. शाबास, मुलांनो!" त्यांनी हात पुढे केला.

"आधी हात धुवा, साहेब!" जिनेव्रा मागे सरली.

सोमवारी आईने लेकरांना अभिमानाने कुशीत घेतलं. हौदात ओरेस्तेकाका ब्रश घेऊन घासत होते.

"नीट घासा, काका," जिनेव्रा नाक मुरडत म्हणाली. "कारागीर निदान त्या घाणीने कापड तरी स्वच्छ करायचे!"