सत्यशीलाने काढलेले डोळे

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी टेंभुर्णीहून धर्मराजचा फोन आला. "पेंटर, भिंतीवरल्या दादानं डोळे मिटले."

राजानंदला थट्टा वाटली. धर्मराजच्या वारलेल्या वडलांची ती तसबीर त्यानेच तीन वर्षांपूर्वी रंगवून दिली होती, डोळे टक्क उघडे. दुपारपर्यंत भोकरदनहून, जाफराबादेतून आणखी सहा फोन आले. तक्रार तीच. त्याने बायकोकडे पाहिलं.

"तूच करून राह्यली ना हे?"

"मी गेल्ते कुठं?" सत्यशीला म्हणाली.

रविवारपासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. एकोणीस वर्षं चेहरे, फेटे, लुगडी तो रंगवायचा. डोळे ती काढायची. स्वयंपाक आवरला की हात धुऊन बारीक ब्रश घ्यायची. लोक म्हणायचे, पेंटरच्या हातात जीव आहे. सही त्याची एकट्याची. यंदा जालन्याच्या प्रदर्शनासाठी त्याने तिचंच चित्र काढलं, तिला ब्रशला हात लावू न देता. रविवारी त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मंचावर कुणीतरी विचारलं, यात वहिनींचा हातभार किती? "गप बसून राहण्याचा," तो म्हणाला. सभागृह हसलं. चित्रातले तिचे डोळे गोट्यांसारखे निर्जीव होते, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. तिला याचाच जास्त संताप होता.

दुपारी दोघं जीपने टेंभुर्णीला गेली. सत्यशीलाने तसबीर जवळून पाहिली. मिटलेल्या पापण्यांवर सुरकुत्या होत्या. त्यांवर तीन वर्षांची धूळ, उदबत्तीची काजळी. रंग कधीचाच वाळलेला.

राजानंदने वरून बुबुळं काढायला घेतली. रंग ओघळून खाली आला. दोनदा. मग त्याने ब्रश तिच्यापुढे धरला.

"कोनीबी उघडा, पन उघडा," धर्मराजची आई पुष्पाबाई म्हणाली.

"आधी पुष्पाबाईंना सांगा," सत्यशीला नवऱ्याला म्हणाली, "डोळे कोण काढत आलंय."

"घरी बोलू."

तिने ब्रश घेतला नाही.

घरीही तो बोलला नाही.

बुधवारी तिने आठवतील तेवढ्या घरी फोन लावले. एकाही तसबिरीचे डोळे उघडे नव्हते. सगळ्या तसबिरी आधीच वारलेल्या माणसांच्या. जिवंत माणसाचे डोळे तिने एकदाच काढले होते, राजानंदचे. ती तसबीर पलंगासमोरच्या भिंतीवर आहे.

आज गुरुवार, सकाळचे पावणेसात. त्या पापण्या अर्ध्यावर आल्या आहेत.

राजानंद पलंगावर झोपलेला आहे.

सत्यशीला उशाशी उभी आहे. तिने अजून हाक मारलेली नाही.