आधी तू खा

हे लिहायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. कुणाचं तरी खाजगी बोलणं उघड्यावर आलं, त्याचीच ही गोष्ट. ती मीच पुन्हा चारचौघांत सांगायची म्हणजे काय? पण माकेरेता म्हणाली, "लिही. चुकीचं सांगणारे खूप झालेत." म्हणून लिहितोय.

मी शालेंद्र. सुवा शहरात वासिती आंटीची गाडी चालवतो. आंटी खाजगी तपास करते. पळालेले नवरे, विम्याचे खोटे दावे, असलं काहीबाही. तिचं ऑफिस तुराक भागात, एका शिंप्याच्या दुकानावर.

त्या बुधवारी प्रनील वर आला. माझा शाळेपासूनचा दोस्त. मी अर्धी रोटी पुढे केली, त्याने बघितलंही नाही. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"आंटी, माझ्यावर आळ आलाय."

आम्ही काही जण नेटवर एक खेळ खेळतो. लिहून. एक बेट आहे, प्रत्येकाचं एक पात्र आहे, आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. मीपण आहे त्यात. नावाडी. दोन ओळी लिहितो आणि गप्प बसतो.

"चौकात लिहिलेलं सगळे वाचतात," प्रनील सांगत होता. "दोघांचंच काही असेल तर बंद खोली. तिथलं तिसऱ्याने वाचायचं नाही. आणि कुठून कळलंच, तर आपल्या पात्राला ते माहीत नाही असंच खेळायचं. नाहीतर आमच्यात त्याला चोर म्हणतात."

"खोल्यांची किल्ली कुणाकडे?"

"फक्त माझ्याकडे. मी ऍडमिन ना."

आमच्यातल्याच माकेरेता आणि टोमासीच्या बंद खोलीतली पानं कुणीतरी तिच्या वडिलांना पाठवली होती. वडील कांदावू बेटावर, गावच्या चर्चचे पाद्री. त्या खोलीत गोष्ट लिहिता लिहिता माकेरेताने मधेच स्वतःचं लिहिलं होतं. कायद्याचं शिक्षण सोडलंय, जहाजावरच्या कामाचा कोर्स धरलाय. अख्ख्या गावाने तिला वकील व्हायला पाठवलं होतं. नाताळात घरी जाऊन ती स्वतः सांगणार होती.

वडिलांचा निरोप आला, शुक्रवारच्या बोटीने ये.

"तिला वाटतंय मीच पाठवलं," प्रनील म्हणाला. "हेच डोक्यात घेऊन गेली, तर पुन्हा कधी बोलणार नाही माझ्याशी."

आंटीने चष्मा पुसला. "तुझ्या किल्लीने एक खोली उघडून दाखव. कुणाची नको. खोटी चालेल."

प्रनीलने चाचणीची खोली उघडली. दोन खोटी नावं, त्यांच्या ओळी एकाखाली एक, सगळ्या डावीकडे. आंटी "हं" म्हणाली आणि मला गाडी काढायला सांगितली.

माकेरेता हॉस्टेलवर बॅग भरत होती. वडिलांनी पानांचे फोटो तिला परत पाठवले होते.

"एकच पान दाखव," आंटी म्हणाली. "बाकीचं तुझं आहे."

मी मागून बघितलं. टोमासीच्या हिरव्या ओळी उजवीकडे, माकेरेताच्या पांढऱ्या डावीकडे. आपल्या फोनवर दिसतं तसंच. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"आणि गोष्टीतलं काय होतं त्या खोलीत?"

"माझा कप्तान सरदाराच्या मेजवानीत विष घालणार होता. मासळीच्या हंड्यात. ते फक्त टोमासीच्या वैद्याला माहीत."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी चौकात मेजवानी झाली. आमच्यात रोपाते आहे ना, सरदाराच्या आधी त्याच्या पाणबुड्यानेच वाडगं तोंडाला लावलं. मेला. दोन वर्षं जपलेलं पात्र होतं, पण एका शब्दाने कुरकुरला नाही तो. नियमाचा माणूस." तिने बॅगेची चेन जोरात ओढली. "प्रनीलसारखा नाही."

टोमासी भेटला मैदानावर, घामाने निथळत. रग्बी खेळतो, अंगाने दारात मावत नाही.

"आंटी, देवाशपथ, मी कुणाला काही दाखवलं नाही."

"लिहितोस कशावर?"

"माझा लॅपटॉप भिजला, छत गळतंय. त्या आठवड्यात रोपातेच्या खोलीत बसून लिहिलं, त्याच्याच लॅपटॉपवर."

"उठताना बंद करायचास?"

"हो तर. झाकण लावायचो."

मी हसलो. आंटी नाही हसली.

रोपाते समुद्राच्या कठड्यावर कसाव्याचा उकडलेला कंद खात बसला होता. तो मला तवाले म्हणतो, म्हणजे चेष्टेतला मेव्हणा. "या तवाले. आज गाडी चालली, की ढकलत आणलीस?"

"ढकलायला तुलाच बोलवणार होतो."

तो माकेरेताच्याच गावचा. आंटीने घरची चौकशी केली.

"बहीण आहे, लितिया. कारखान्यात मासे साफ करते." कसाव्याचा तुकडा त्याने तसाच हातात धरला. "माझ्यापेक्षा हुशार. पण गावाला एकीलाच पाठवायचं होतं."

"तुझा पाणबुड्या गेला म्हणे. कसा होता?"

मीच मधे बोललो. "महासंशयी, आंटी. जेवायला बसला की आचाऱ्याला म्हणणार, 'आधी तू खा.' आचारी म्हणजे आपला प्रनील. तो घास खायचा, मग हा. आम्ही वाटच बघायचो त्या वाक्याची."

"मेजवानीतही म्हणाला?"

"नाही," रोपाते म्हणाला. "त्या दिवशी भूक लागली होती त्याला."

आम्ही दोघं हसलो.

परत येताना मी म्हटलं, "टोमासीच असणार, आंटी. त्याचीच तर खोली."

"तू रस्त्याकडे बघ," आंटी म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. माकेरेता प्रनीलपासून लांबची खुर्ची ओढून बसली.

"पहिलं," आंटी म्हणाली. "प्रनीलने किल्लीने खोली उघडली की सगळ्या ओळी डावीकडे दिसतात. माकेरेता, तुझ्या वडिलांकडे गेलेल्या पानावर टोमासीच्या ओळी उजवीकडे आहेत, ज्याच्या त्याला स्वतःच्या दिसतात तशा. म्हणजे ते पान टोमासीच्याच नावाने उघडलं होतं. किल्लीने नाही."

टोमासी अर्धवट उठला. "पण मी..."

"बस बाळा. तू झाकण लावायचास. झाकण लावलं म्हणून तू खोलीतून बाहेर पडत नाहीस. ज्याचा लॅपटॉप, त्याने झाकण उघडलं की तुझी खोली समोर."

सगळ्यांनी रोपातेकडे बघितलं.

"म्हणजे मीच वाचलं?" रोपाते म्हणाला. "टोमासीने स्वतःच पाठवलं नसेल कशावरून? माझ्या पाणबुड्याने तर विष खाल्लं, आंटी. मला माहीत असतं तर खाल्लं असतं?"

"हाच प्रश्न मला रात्रभर छळत होता. मग शालेंद्रचा लॅपटॉप घेऊन चौकातल्या जुन्या मेजवान्या वाचल्या. प्रत्येक वेळी तुझा पाणबुड्या म्हणतो, आधी तू खा. एकदाही चुकत नाही. आणि ज्या हंड्यात खरोखर विष, तिथेच गप्प?"

"भूक..."

"ज्याला माहीत नाही, तो नेहमीसारखंच बोलला असता. आचारी पडला असता, पाणबुड्या वाचला असता, कुणी काही म्हटलं नसतं. पण तुला माहीत होतं. ते वाक्य बोललो तर लोक चोर म्हणतील, याची तुला भीती वाटली. म्हणून सवय गिळलीस आणि विषही गिळलंस. माहीत असल्याशिवाय अशी भीती वाटत नाही, रोपाते."

खालचं मशीन थांबलं होतं.

"मी खोटं काही पाठवलं नाही," तो शेवटी म्हणाला. आवाज वेगळाच. "गावाने हिला निवडलं. लितिया घरी राहिली. आणि ही इथे सगळं सोडून बोटी शिकते, तेही चोरून. हे बरोबर आहे?"

"ते गावात सगळ्यांसमोर विचारायचं होतंस," आंटी म्हणाली. "चोरून कळलेलं वापरायचं नाही, यासाठी खेळात तू जीव दिलास. ही तर जिवंत मुलगी आहे."

माकेरेता ओरडेल असं मला वाटलं. तिने एवढंच विचारलं, "लितियाला माहीत आहे, तू हे केलंस?"

त्याने मान हलवली. नाही. मग उठून जिना उतरून गेला. टोमासी त्याच्यामागे निघाला होता, आंटीने हात धरून बसवलं.

शुक्रवारी मी धक्क्यावर गेलो. प्रनील आधीच तिथे होता, माकेरेताची बॅग खांद्यावर.

"किल्ली तुझ्याकडे, म्हणून तूच, असं धरून चालले मी," ती त्याला म्हणाली.

"हो."

"रागावलायस?"

"चिक्कार."

"तसाच राहा थोडे दिवस. मी आल्यावर भांडू."

तो बॅग ठेवायला वर गेला. मी विचारलं, "वडिलांना काय सांगणार?"

"नाताळात सांगणार होते तेच. पण आता त्यांनी आधीच वाचलंय ना. माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकायचं राहूनच गेलं." ती पाण्याकडे बघत होती. "लितियाच्या घरीही जायचंय. तिथे काय बोलायचं, ते अजून सुचत नाहीये."

भोंगा झाला. ती दोन पावलं गेली आणि परत आली.

"मी नसताना खेळ चालू राहील तुमचा. माझा कप्तान अडकलाय तिथे. कुणीतरी म्हणेल, थोडं आपणच लिहू त्याचं, गोष्ट पुढे जायला."

"मग काय करू?"

"कुणाला लिहू देऊ नकोस. मारू नका, वाचवू नका. मी येईपर्यंत त्याच्या तोंडी कुणी एक शब्द घालायचा नाही. प्रनीलनेही नाही. तूही नाही."

"आणि तू आलीच नाहीस तर?"

"तरीही."

"नाही घालणार," मी म्हटलं. "कुणालाच घालू देणार नाही. वचन."