तोंड मिटलेली मादी

"पिंगळे, लवकर ये! तो उताणा पडलाय!"

दोडक्याची हाक ऐकून पिंगळी मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत धावली. निळ्या डोक्याचा, केशरी अंगाचा मासा टाकीत पोट वर करून तरंगत होता.

आत्या इथली माशांची अभ्यासक. सुट्टीत तिच्याकडे आलेली ही तिघं भावंडं, पिंगळी, काडीसारखा उंच दोडका आणि शेंडेफळ गुंडू, दिवसभर इथेच पडीक असायची. काल परगावी जाताना आत्याने बजावलं होतं, "या जोडीला जपा रे. यांचं तळं आटलंय. या जातीची ही शेवटचीच दोघं!"

"पण मादी कुठाय?" गुंडूने विचारलं.

टाकीत दुसरं कुणीच नव्हतं!

तेवढ्यात व्यवस्थापककाका आले. "चला, हीही टाकी मोकळी झाली! नव्या सोनेरी माशांना जागा हवी होती, म्हणून करड्या माद्या सगळ्या एका हौदात टाकल्या. आता शिकारी माशाला खाऊ घालतो."

"काका, नको! त्यातली एक शेवटची आहे!"

"सगळ्या सारख्याच तर दिसतात!"

"दिसतात, पण नाहीत!" पिंगळी घाईघाईने सांगू लागली. "हे सिक्लिड कुळातले मासे. औलोनोकारा ही त्यांची प्रजाती, म्हणजे आडनाव. जात म्हणजे नाव. नर रंगांवरून ओळखता येतात, माद्या मात्र सगळ्या करड्याच. आडनाव एक म्हणून माणसं एकच होतात का?"

"मला शिकवू नकोस! जाळी घेऊन येतो," म्हणत काका निघून गेले.

आत्याचा फोन लागेना. हौदात करड्या माद्यांची नुसती झुंबड उडाली होती. दोडका म्हणाला, "संपलं सगळं! यातून एक कशी ओळखायची?"

पिंगळी काचेला नाक लावून रडायच्या बेतात होती. एकदम ती ताठ झाली. "अरे, परवापासून ती खात नव्हती! मला वाटलं, रुसलीय. पण या माद्या पिल्लं तोंडात सांभाळतात, तेव्हा घास घेत नाहीत! आणि नराबरोबर फक्त तीच राहत होती!"

दोडक्याने हौदात माशांचं खाणं टाकलं. सगळ्या तुटून पडल्या. कोपऱ्यात मात्र तिघी गप्प राहिल्या.

"तिघी? आता गं?"

"दोघी घाबरल्या असतील. थांब... ती बघ! गुळणी केल्यासारखा गळा हलतोय!"

बाहेर काकांची पावलं वाजली. गुंडू सुसाट पळाला. "काका, शिकारी माशापुढे तुमचा फोटो हवाय! शाळेत लावायचाय!"

"माझा?" काकांनी लगेच केसांवरून हात फिरवला. "पटकन हं!"

पिंगळीने काचेची बरणी पाण्यात सोडली. मादी दचकून उसळली. तिच्या तोंडातून दोन इवलीशी पिल्लं सांडली आणि शेजारणींनी ती गट्ट केली!

"मी मारलं त्यांना!" पिंगळी हुंदके देऊ लागली. "पुन्हा गेले तर सगळीच थुंकेल ती!"

दोडक्याने झटकन दिवा घालवला. अंधुक उजेडात मासे हळूहळू सुस्तावले. पिंगळीने श्वास रोखून बरणी तिच्यापाशी नेली. इंचभर... आणखी इंचभर... आली आत!

"दिवा कुणी घालवला?" काका जाळी घेऊन दारात उभे होते. "ठेव तो मासा खाली!"

"नाही ठेवणार!" पिंगळीने बरणी छातीशी धरली.

"नकोच ठेवू!" काकांच्या मागून आवाज आला. परगावहून परतलेली आत्या! खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता तिने बरणीवर विजेरी धरली. मादीने ओठ किंचित उघडले. आत इवलेइवले डोळे लुकलुकत होते.

आत्याने मेलेल्या नराकडे बघितलं. मग तिने तिघांना जवळ ओढलं. "तुम्ही नसता, तर आज एक अख्खी जात संपली असती रे!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जाळी खाली ठेवून ते पुटपुटले, "चुकलो मी. पोरांनो, तुमच्यामुळे वाचलो."

आठवडाभराने स्वतंत्र टाकीत पिल्लं पहिल्यांदा आईभोवती पोहू लागली. मत्स्यालयाची सगळी माणसं जमली. काकांना राहवेना. "शाबास रे वाघांनो!" म्हणत त्यांनी जोरात टाळी वाजवली.

सूं! सगळी पिल्लं आईच्या तोंडात गडप!

"काका!" तिघं एकदम ओरडली.

"शूऽऽ!" आत्याने तोंडावर बोट ठेवलं. मग एकेका मोठ्या माणसाने पुढे येऊन, चवड्यांवर चालत, मुलांच्या कानात कुजबुजून शाबासकी दिली.